टर्कीच्या पंगतीला कोणती वाइन?

भाजलेली टर्की नाताळच्या मेजवानीस मांडणे ही काही आपल्या मराठी घरांतील रीत नव्हे, हे आम्ही आरंभीच मान्य करतो. परंतु महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या घरांत शेजारधर्माने परक्या रीती येतात आणि पाहता पाहता आपल्याशा होऊन बसतात. बडोद्याच्या मराठी घरांत संक्रांतीला उंधियू होतो, इंदूरच्या घरांत न्याहारीला पोह्यांबरोबर जिलबी येते, आणि त्याचे कोणालाच नवल वाटत नाही. आमच्या सिल्वासात, टोकरखाड्याच्या वस्तीत राहून, तसाच नाताळ आमच्या घरात शिरला. प्रथम शेजारच्या कॅथलिक कुटुंबाकडून दोदोल आणि नेवऱ्यांचे ताट आले, मग आमच्याकडून चकल्या-अनारशांची परतफेड गेली, आणि पुढे केव्हातरी दोन्ही घरांची एकत्र मेजवानी ठरून गेली. टर्की त्या मेजवानीतली. आणि टर्की आली म्हणजे तिच्या सोबतीला काय द्यायचे, हा प्रश्न आलाच.

वाइनचे नाव निघताच आमच्या वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळावर आठी पडली. तीत गैर काही नाही. आपल्याकडे दारू म्हटली की संसार बुडवणारी, हीच ओळख. औषधाच्या फडताळात द्राक्षासवाची बाटली वर्षानुवर्षे असते, तीही द्राक्षांना आंबवूनच केलेली, पण तिला आपण दारू म्हणत नाही. कारण ती चमच्याने मोजून आणि कारणापुरती घेतली जाते. वाइनच्या बाबतीत हाच दंडक लावावा, असे आम्ही घरात सुचवले. म्हणजे जेवणाआधी नाही, जेवणानंतर नाही. पान वाढले की पेल्यात यावी आणि पान संपले की बाटलीला बूच लागावे. एवढ्या अटीवर बाटली मेजावर आली. चटणी-कोशिंबीर जशी पानाच्या चवीसाठी, तशीच वाइन टर्कीच्या चवीसाठी. ही भूमिका एकदा घेतली की निवडीचा निम्मा गोंधळ आपोआप मिटतो. मग सर्वांत महाग कोणती, सर्वांत परदेशी कोणती, हे प्रश्न उरत नाहीत. या पक्ष्याला कोणती साजेल, एवढेच उरते.

तेव्हा आधी पक्ष्याविषयी दोन शब्द. टर्की मूळची अमेरिका खंडातील, मेक्सिकोच्या बाजूची. जगभर तिची नावे मात्र मोठी गमतीची आहेत. इंग्रजांनी तिला तुर्कस्तानची ठरवले. खुद्द तुर्क तिला ‘हिंदी’ म्हणतात. फ्रेंचांच्या ‘दँद’ या नावाचा अर्थही ‘हिंदुस्थानची’ असाच. आणि पोर्तुगीज तिला ‘पेरू’ म्हणतात. (आपल्या फळाचे नाव पेरू, तेही पोर्तुगिजांच्याच वाटेने आले, पण त्याचे मूळ ‘पेरा’, म्हणजे नासपती, या शब्दात सांगतात. गोव्याकडील पाहुण्यांनी ‘पेरू भरून भाजला आहे’ असे सांगितले तर फळ समजू नये!) हिंदुस्थानात हा पक्षी आला तोही पोर्तुगिजांच्या गोव्यातूनच. १६१२ साली जहांगीर बादशहाचा सरदार मुकर्रबखान गोव्याहून दुर्मिळ वस्तू घेऊन दरबारी गेला, त्यांत टर्कीचा नर होता. बादशहाने त्याचे वर्णन आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेवले आणि उस्ताद मन्सूरकडून त्याचे चित्र करवून घेतले. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

सिल्वासाचा आणि पोर्तुगिजांचा संबंध मात्र आपल्याच इतिहासातून आला. १७७२ साली मराठी आरमाराने ‘सांताना’ नावाच्या पोर्तुगीज जहाजाचे नुकसान केले. त्याच्या भरपाईपोटी १७७९ च्या तहाने नगर हवेलीतील गावांचा महसूल पेशव्यांनी पोर्तुगिजांस लावून दिला आणि १७८३ साली तो मुलूख त्यांच्या हाती गेला. पुढे २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले, त्या लढ्यात महाराष्ट्रातून आलेले तरुण होते, सुधीर फडके यांच्यासारखे गायक-संगीतकार होते, हे आमच्या वाचकांस सांगण्याची गरज नाही. पोर्तुगीज गेले, त्यांचे चर्च राहिले, आणि काही घरांतील नाताळची मेजवानी राहिली.

आता मुख्य विषय. टर्कीचे मांस कोंबडीपेक्षा घट्ट आणि चवीला सौम्य असते. त्यात एक अडचण अशी की छातीचे पांढरे मांस लवकर शिजते आणि मांडीचे गडद मांस मागाहून. मांडी शिजेपर्यंत छाती कोरडी पडू लागते. भट्टीतून काढल्यावर अर्धा तास पक्षी झाकून ठेवला, रस आत मुरू दिला, तर कोरडेपणा पुष्कळ कमी होतो. तरीही तो थोडा राहतोच. म्हणून सोबतीला जे द्यायचे त्यात ओलावा हवा आणि जिभेला पाणी सुटेल असा आंबटपणा हवा. भाकरीच्या कोरड्या घासाबरोबर आपण ताक का घेतो, हे ज्याला कळते त्याला वाइनचे हे गणित शिकवावे लागत नाही.

‘पांढऱ्या मांसाला पांढरी वाइन आणि लाल मांसाला लाल’ हा नियम सर्वत्र सांगितला जातो. आमच्या मते तो अर्धवट आहे. लाल वाइन द्राक्षांच्या सालींसह आंबवतात. त्या सालींतून आणि बियांतून एक तुरट द्रव्य उतरते, त्यास टॅनिन म्हणतात. चहा जास्त उकळला की जिभेवर जो खरखरीतपणा येतो, तो याच जातीचा. चरबीयुक्त मटणाबरोबर हा तुरटपणा शोभतो, कारण चरबी त्याला बोथट करते. टर्कीत चरबी थोडी. तिच्या कोरड्या घासावर जड, तुरट वाइन घेतली की तोंड आणखीच कोरडे पडते. म्हणजे दोष लाल रंगाचा नव्हे, तुरटपणाचा आहे. हलक्या अंगाची, कमी तुरट लाल वाइन टर्कीच्या मांडीबरोबर उत्तम जाते.

दुसरी गोष्ट आमच्याकडे अधिक महत्त्वाची. विलायती पुस्तकांतील टर्की मीठ, मिरी, लोणी आणि सुगंधी पाल्यावर भाजलेली असते. आमच्या मेजावरची तशी नसते. शेजारच्या काकूंच्या सारणात पाव, काळीज, कांदा, मनुका, दालचिनी, लवंग आणि सुक्या मिरचीचे वाटण असते, वर माडाच्या ताडीचा शिरका. तेव्हा पक्ष्याचा विचार दुय्यम ठरतो आणि सारणाचा पहिला. तिखट आणि मद्य यांचे वैर आहे: वाइनमध्ये शेकडा १२ ते १४ इतका मद्यांश असतो आणि तो मिरचीचा जाळ वाढवतो. त्याउलट वाइनमधील किंचित गोडी तो जाळ शमवते. शिरक्याचीही एक खोड आहे. पानातला पदार्थ वाइनपेक्षा आंबट असला की वाइन पाणचट लागते. म्हणून सारणात शिरका बेताचा घालावा, अशी विनंती आम्ही काकूंना केली आणि त्यांनी ती हसून फेटाळली. ‘विंदालू’ हा शब्दच मुळी पोर्तुगिजांच्या वाइन आणि लसूण यांवरून आलेला. गोव्यात वाइनच्या जागी ताडीचा शिरका आला आणि पदार्थ आपला झाला. अशा परंपरेपुढे आमच्या पेल्याची काय मातब्बरी! तेव्हा वाइनच अशी निवडायची की जी शिरक्यासमोर टिकेल.

या सगळ्या कसोट्यांना उतरणारी वाइन शोधायला फ्रान्सला जाण्याचे कारण नाही. सिल्वासावरून वाहणारी दमणगंगा नाशिक जिल्ह्यात, दिंडोरी तालुक्यातील सह्याद्रीच्या डोंगरात उगम पावते. त्याच दिंडोरी तालुक्यात आज वाइनच्या द्राक्षांचे मळे आहेत. नदी आमच्याकडे सहज येते. बाटलीला मात्र अबकारीचे कागद लागतात! नाशिककडील शेतकरी एप्रिलात खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी अशा दोन छाटण्या करतो. त्यामुळे युरोपात जो हंगाम शरदात येतो तो येथे जानेवारी ते मार्चमध्ये येतो. गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावी फसफसणारी वाइन काढून दाखवली, तेव्हा अनेकांना ती चेष्टाच वाटली होती. पुढे राजीव सामंत यांच्या सुला मळ्याची वाइन २००० साली बाजारात आली, २००१ साली महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रियेचे स्वतंत्र धोरण आखले, आणि नाशिकला वाइनचे गाव म्हणून ओळख मिळाली. तिकडे अकलूजजवळ मोहिते-पाटील बंधूंनी इटालियन भागीदारांसह फ्रातेल्ली हा कारखाना उभारला. परमुलखात राहणाऱ्या मराठी माणसाने आपल्या मुलखातील मालाबद्दल थोडा अभिमान बाळगला तर तो क्षम्य मानावा. पण येथे आम्ही अभिमानापोटी शिफारस करीत नाही, चवीपोटी करतो.

मसाल्याच्या सारणाची टर्की असेल तर आमची पहिली पसंती शेनिन ब्लाँ या द्राक्षाच्या पांढऱ्या वाइनला. नाशिकच्या शेनिनमध्ये बहुधा थोडी गोडी राखलेली असते आणि पिकलेल्या पेरूसारखा, अननसासारखा वास असतो. मनुका, लवंग आणि मिरची यांच्याशी तिचे छान जुळते, आणि ज्यांनी वाइन कधी चाखली नाही त्यांनाही ती परकी वाटत नाही. टर्की साध्या पद्धतीची, लोणी, लिंबू आणि लसूण लावून भाजलेली असेल, तर सॉव्हिन्याँ ब्लाँ घ्यावी. हिच्यात गोडी नसते, आंबटपणा खणखणीत असतो, आणि ताज्या कापलेल्या गवताचा, हिरव्या मिरचीच्या सालीचा वास असतो. हिला मनुकांच्या गोड सारणासमोर ठेवली तर बिचारी उगाच आंबट ठरते, दोष तिचा नसून.

पंगतीत दोन तऱ्हेची माणसे असतील, कोणी छातीचा तुकडा मागणारे, कोणी मांडीचा, आणि बाटली एकच आणायची असेल, तर गुलाबी रोझे हा मधला मार्ग. झिनफँडेल किंवा शिराझ द्राक्षांची रोझे नाशिककडे चांगली होते. तिच्यात लाल वाइनचे अंग थोडे आणि पांढरीचा गारवा पुष्कळ. गुलाबी रंगामुळे काही पुरुषमंडळी तिला ‘बायकी’ म्हणून नाके मुरडतात. त्यांनी डोळे मिटून प्यावी. लालच हवी असा हट्ट असेल तर अकलूजकडील सांज्योवेझे पाहावी. तिच्यात आंबटपणा ठळक असून ती शिराझइतकी जड नसते. शिराझ, तीही ओकच्या पिंपात मुरवलेली, आम्ही टर्कीला देत नाही. दिंडोरीच्या नावाने मिळणारी राखीव शिराझ आम्हांस प्रिय आहे, पण ती मटणासाठी राखून ठेवतो.

गोव्याकडील घरांत नाताळला गोड पोर्ट देण्याची चाल आहे. केकबरोबर ती चांगली, टर्कीबरोबर नव्हे. पहिल्या घोटात ती सर्वांना आवडते आणि तिसऱ्या घासाला जेवणाची चव मारून टाकते. हे मत आम्ही शेजाऱ्यांच्या मेजावर बसून मांडत नाही, येथेच लिहितो.

टर्कीबरोबर विलायतेत क्रॅनबेरीची आंबटगोड चटणी देतात. आम्ही वैशाखात करून ठेवलेला करवंदांचा मुरांबा काढतो. दादरा नगर हवेलीच्या रानात करवंदांना तोटा नाही, आणि रंग, आंबटपणा, किंचित तुरटपणा या तिन्ही बाबतींत करवंद क्रॅनबेरीच्या तोडीचे आहे. मात्र मुरांबा पानात आला की गोडी नसलेली वाइन आणखी रुक्ष लागते. अशा वेळी पुन्हा शेनिन किंवा रोझेच खरी.

निवडीइतकेच महत्त्व गारव्याला आहे, आणि आमच्या हवेत तर अधिकच. ‘लाल वाइन घरातील तापमानास द्यावी’ हे वाक्य ज्यांनी लिहिले त्यांच्या घरांत १६ ते १८ अंश असत. सिल्वासाची दुपार डिसेंबरातही तिशीला टेकते. त्या उष्म्यात लाल वाइन ओतली की नाकात केवळ मद्याचा भपकारा येतो. म्हणून लाल बाटलीही अर्धा तास शीतकपाटात ठेवावी. पांढरी आणि रोझे ८ ते १२ अंशांपर्यंत गार असावी. काढल्यावर दहा मिनिटे बाहेर राहू द्यावी, कारण फार गार वाइनचा वासच मिटून जातो. घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली बुडवावी, वीस मिनिटांत काम होते. पेल्यात बर्फाचे खडे मात्र टाकू नयेत. दुधात पाणी घालण्यातला तो प्रकार आहे.

दुकानातही हाच उष्मा लक्षात ठेवावा. उन्हाच्या खिडकीत उभी मांडलेली, धूळ चढलेली बाटली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. वेष्टनावरील हंगामाचे वर्ष पाहावे. या पांढऱ्या वाइन ताज्या असतानाच गोमट्या, म्हणून वर्ष-दोन वर्षांच्या आतली घ्यावी. बुचाऐवजी फिरकीचे झाकण असेल तर माल हलका असे समजण्याचे कारण नाही. आपल्या हवेत तेच अधिक भरवशाचे, आणि बूच काढण्याच्या धडपडीत पाहुण्यांसमोर शोभाही होत नाही.

किती आणावी? ७५० मिलिलिटरच्या एका बाटलीत १५० मिलिलिटरचे पाच पेले होतात. पाच किलोची टर्की दहा माणसांस पुरते. त्या दहांतील सहा जण वाइन घेणार आणि प्रत्येकी दोन पेले असे धरले तर बारा पेले, म्हणजे तीन बाटल्या पुरून उरतात. याहून अधिक आणणाऱ्यांनी टर्कीचे निमित्त करू नये.

आणि आता ती गोष्ट, जी मुंबई-पुण्याच्या यजमानाला ठाऊक असण्याचे कारण नाही, पण सिल्वासाच्या यजमानाला वाइनच्या जातीपेक्षा आधी ठाऊक हवी. आमच्या गावाभोवती गुजरातची हद्द आहे, आणि गुजरातेत १९६० पासून, त्या राज्याच्या स्थापनेपासूनच, दारूबंदी आहे. वापी रेल्वे स्थानक अर्ध्या तासावर. पण ते गुजरातेत. मुंबईहून आगाऊ सांगून मागवलेली गोठवलेली टर्की वापीस उतरवून खुशाल आणता येते, बाटली येत नाही; परवान्याविना ती जवळ बाळगणे हाच तेथे गुन्हा आहे. म्हणून वाइन येथील परवानाधारक दुकानातूनच घ्यावी, आणि पाहुण्यांना उरलेली बाटली प्रेमाने बांधून देण्याचा मोह टाळावा. पेरूच्या फोडी द्याव्यात, करवंदांचा मुरांबा द्यावा.

यापुढची बाब अधिक नाजूक आहे. नवसारी, बलसाड, वापी येथील आपली मराठी माणसे नाताळच्या सुटीत आमच्याकडे जेवावयास येतात आणि रात्री परततात. नाक्यावर केवळ सामान तपासतात असे नव्हे. वर्षअखेरीस दमण-सिल्वासाकडून परतणाऱ्यांच्या श्वासाचीही तपासणी होते, आणि प्यालेला माणूस परवान्याविना गुजरातेत सापडला तर प्रकरण दंड आणि अटकेपर्यंत जाते. गाडी चालवणाऱ्याला तर देशभर लागू असलेला कायदा आहेच: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्य आढळले की गुन्हा. ‘अहो, एकच पेला, काही होत नाही’ हा आपल्याकडचा आग्रह श्रीखंडाच्या वाटीपुरता शोभतो. नोकरदार माणसाला अशा आग्रहापायी पोलिसचौकीत रात्र काढावी लागली, तर त्याच्या घरात पुन्हा कोणत्या तोंडाने जावे? आमच्या घरी म्हणून आता आमंत्रण देतानाच विचारतो: मुक्काम की परत? मुक्काम असेल त्यांच्यासाठी गच्चीवरच्या खोलीत गाद्या घातल्या जातात आणि त्यांच्या पानाशेजारी पेला ठेवला जातो. परतणाऱ्यांना कोकम सरबत.

हे कोकम सरबत आम्ही त्याच उंच दांड्याच्या पेल्यांतून देतो. आजीबाईंनाही तेच, मुलांनाही तेच, आणि ज्यांना नको त्यांना कारण सांगावे लागत नाही. गोडी बेताची ठेवून, जिरे न घालता, चिमूटभर मीठ टाकून केलेले गार कोकम टर्कीबरोबर इतके चांगले लागते की वाइन घेणारेही शेवटी एक पेला मागून घेतात. आंबट, किंचित तुरट, किंचित गोड: वर सांगितलेल्या सगळ्या कसोट्या ते उत्तीर्ण होते. आमच्या वडीलधाऱ्यांनी हे ऐकल्यावर ‘मग वाइन कशाला?’ असा प्रश्न केला, आणि त्याचे समाधानकारक उत्तर आम्हांस अद्याप देता आलेले नाही.

बाटलीत उरलेली वाइन बूच लावून शीतकपाटात ठेवली तर दोन-तीन दिवस टिकते. उरलेल्या टर्कीचे मात्र दुसऱ्या दिवशी आमच्याकडे खोबऱ्याच्या वाटणाचा रस्सा होतो. हाडे रात्रीच उकळून त्याचे पाणी काढून ठेवावे, मांस शेवटी घालावे, नाहीतर त्याचे दोर होतात. त्या रश्श्याबरोबर कोणतीच वाइन चालत नाही. गरम भाकरी घ्यावी आणि वर सोलकढी.